खिशापासून कानापर्यंत

फोनवर गाणं ऐकणारा माणूस काकांच्या लेखी गाणं ऐकतच नाही. "मारव्याचा आलाप ऐन रंगात आलाय आणि मध्येच एक बाई विचारते, सार, पर्सनल लोन बेका? ही काय बैठक झाली?" म्हणून काकांकडे बोलायचं यंत्र वेगळं आणि ऐकायचं वेगळं. बोलायचं बटणांचं. ऐकायचं काडेपेटीहून थोडं मोठं, दीड इंची पडद्याचं. त्यातल्या कार्डावर भीमसेन, मन्सूर, गंगूबाई आणि कुमार. चौघांचा जन्म आजच्या कर्नाटकातला, हे काका बंगळूरमधल्या गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात प्रत्येक गणपतीत सांगतात आणि समोरच्या पुणेकराचा चेहरा न्याहाळतात.

बनशंकरीत असे काका एक नाहीत. सेकंड स्टेजपासून कत्रिगुप्पेपर्यंत क्रॉसगणिक एखादा भेटतो. चामराजपेटच्या फोर्ट हायस्कूलच्या पटांगणात 1939 पासून रामनवमीच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, होतात, तिथे पुढच्या रांगेत मफलर गुंडाळून हेच बसलेले असतात. मी तिघाचौघांचा मिळून एकच काका केलाय, म्हणजे कुणी अंगाला लावून घेणार नाही. अर्थात सगळेच घेतील.

आमचे काका जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधून निवृत्त झालेले. आकाशवाणीचे ट्रान्समीटर तिथे बनत. तेव्हा काकांच्या हातून निघालेला आवाज डोंगर ओलांडून खेड्यापाड्यांत पोचला, ही खरी गोष्ट आहे. आता तोच आवाज त्यांना शर्टाच्या खिशातून स्वतःच्या कानात पोचवायचाय. अंतर दोन विती. आणि तो पोचत नाही.

सुरुवात मुलीने दिलेल्या पेटीपासून झाली. जुन्या रेडिओसारखी दिसणारी, आधीच गाणी भरलेली पेटी. खोक्यावर ब्लूटूथ असं ठळक छापलेलं. त्याच सुमाराला सॅन होजेहून मुलाने बिनवायरचे इअरबड पाठवले. त्यांच्याही खोक्यावर ब्लूटूथ. काकांनी दोन्ही वस्तू जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवल्या. बडांचा दिवा लुकलुकला, पेटीचा दिवा लुकलुकला, दुपारच्या चहापर्यंत दोन्ही नुसते लुकलुकत राहिले. संध्याकाळी काकांनी निदान केलं आणि ते बरोबर होतं, हे मान्य केलं पाहिजे. "दोघेही रिसीव्हर आहेत रे! पेटीचं ब्लूटूथ फोनकडून गाणं घ्यायला, बडांचंही घ्यायलाच. पाठवणार कोण?"

काकू भाजी निवडत म्हणाल्या, "या घरात ऐकणारी आम्ही एवढी आहोत. पाठवायला तुम्ही आहातच."

मग एस. पी. रोड. ज्या रस्त्यावर सुटा कपॅसिटरसुद्धा मिळतो, तिथे आपला प्रश्न सुटलाच पाहिजे अशी काकांची श्रद्धा. दुकानातल्या पोराने बड हातात घेतले, काकांच्या खिशातला तो छोटा प्लेयर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अजब वस्तू सापडल्यासारखं विचारलं, "सार, फोन इल्वा?" फोन नाही? काकांनी त्याला 1979 चा वॉकमन, 2001 चा आयपॉड आणि 2022 मध्ये आयपॉडचं झालेलं निर्वाण असा इतिहास उभ्या उभ्या ऐकवला. पोराने तोवर दोन चार्जर विकले.

पोराचंही चुकलं नव्हतं. हे बड बनवणारा माणूस डोळ्यांपुढे फोनच ठेवतो. फोनवर जुळणी एका बोटाची. ॲप हवं फोनवर, दुरुस्तीचं अपडेट येणार फोनवरूनच. प्लेयरवाल्याने मात्र कसाबसा ब्लूटूथ कोंबलेला असतो. काकांचा प्लेयर शोध घेतो आणि पडद्यावर यादी देतो, तीही पुष्कळदा नावांची नव्हे, बारा अक्षरी आकड्यांची. त्यातले आपले बड कुठले आणि शेजाऱ्याचं घड्याळ कुठलं, हे ओळखायला काका भिंग आणि डायरी घेऊन बसतात.

एका रविवारी त्यांनी यादीतला भलताच आकडा दाबला. पडद्यावर 'कनेक्टेड' उमटलं. काकांच्या कानात शांतता, आणि वरच्या मजल्यावर भीमसेनांनी अभंग उचलला. वरच्या तेलुगू कुटुंबाचा साउंडबार कुणालाही दार उघडणारा निघाला. मॅचची शेवटची ओव्हर चालू होती. धावत खाली आलेल्या मुलाचा चेहरा पाहून काका आत गेले, पण मागोमाग त्याचे आजोबा आले आणि म्हणाले, "सार, इन्नोंदु सल हाकी." पुन्हा एकदा लावा.

या खटाटोपात बड बिघडलेले नाहीत ना, हे तपासायला काकूंचा स्मार्टफोन जोडून पाहिला होता. तिथे घात झाला. बडांचा स्वभाव असा, की डबीतून बाहेर पडले की शेवटी ज्याच्याशी जमलं होतं त्याच्याकडे धाव घेतात. काका प्लेयरवर शोध घेत बसलेले, आणि कानातले बड केव्हाच स्वयंपाकघरातल्या फोनला जाऊन मिळालेले. तेवढ्यात बेळगावहून काकूंच्या बहिणीचा फोन आला. काकूंनी उचलला, "हॅलो, हॅलो" करून थकल्या. सगळं बोलणं बाहेरच्या खोलीत काकांच्या कानात चाललं होतं.

"ताई, भाऊजींचं ते कानातलं जुळलं का गं? म्हणावं, शंभर रुपयांची वायर आणा आणि गप बसा."

"वायरनेच आवाज चांगला येतो, हे मी या घरात पहिल्यापासून सांगतोय!" काका बडांच्या माइकात गरजले. बेळगावची बाजू बराच वेळ गप्प होती.

यानंतर घरात नियम झाला: काकांचं गाणं सुरू होण्याआधी काकूंनी ब्लूटूथ बंद करायचं. काकू तो पाळतात, मुहूर्त मात्र त्या ठरवतात. इतरत्र राहुकाळात शुभकार्य टाळतात. आमच्या बनशंकरी देवळात बायका राहुकाळातच लिंबाच्या सालीत दिवे लावतात. तेव्हा मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार ही वेळ काकांना जोडणीसाठी मिळाली. काका नास्तिक आहेत, पण वेळ पाळतात.

एकदाचं जुळलं, तरी समाधान कुठलं! ब्लूटूथच्या बोलींपैकी प्लेयरला एलडॅक आणि एपीटीएक्स येतं, बडांना एएसी. दोघांचा मेळ नाही. मग काका आणि वरचे आजोबा जसं मोडक्या कन्नडवर भागवतात, तशी ही दोन यंत्रं एसबीसीवर उतरतात. ब्लूटूथवरून गाणं पाठवण्याचे नियम 2003 मध्ये ठरले, तेव्हापासून एसबीसी सर्वांना यावंच लागतं. काकांचं म्हणणं, त्यात मन्सूरांच्या तानेचं टोक बोथट होतं. नातवाने डोळे झाकून परीक्षा घेतली. तिच्या निकालाबद्दल घरात कुणी बोलत नाही. आता ब्लूटूथचं नवं एलई ऑडिओ आलंय, असं मी सुचवून पाहिलं. "त्याला नवा प्लेयर लागेल," काका म्हणाले, "आणि नव्याला आणखी नवे बड. मला पेन्शन आहे, पगार नाही."

शेवटी जुन्या नोकरीचं ज्ञान कामी आलं. पेटीत पाठवणारा नाही ना, मग पाठवणारा आणायचा. नखाएवढा ट्रान्समीटर त्यांनी पेटीच्या हेडफोनच्या भोकात खुपसला, बडांचा दिवा स्थिर झाला, आणि ज्या माणसाने मनोऱ्यांचे ट्रान्समीटर पाहिले होते तो त्या ठिपक्याकडे बघून लहान मुलासारखा हसला. चार्ज करायच्या वस्तूंत एकीची भर पडली, ते वेगळं.

हा ठिपका एका वेळी दोन जोड्या बडांना गाणं पाठवतो. म्हणून हल्ली सकाळी कोपऱ्यावरच्या पार्कात तो प्लेयरला लावून काका आणि वरचे आजोबा बरोबर फेऱ्या मारतात. पल्ला साधारण दहा मीटर. काका भीमसेन लावतात, आजोबांना बालमुरलीकृष्ण हवे असतात. वाद वाढला की आजोबा रागाने भराभर पुढे निघतात, कानातलं गाणं तुटायला लागतं, आणि काका मागून ओरडतात, "सार, रेंज, रेंज! स्वल्प निधान!"