दोन सुताला जरा कमी

जुन्या लोखंडी रंध्याचं पातं गेलं तर फारसं बिघडत नाही. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची रंध्यांची पेटंटं 1869 मध्ये स्टॅनली कंपनीने घेतली आणि तीच घडण जगभर इतकी उचलली गेली, की चार किंवा पाच नंबरच्या रंध्यात बसणारं दोन इंची पातं आजही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मुठीचं टोक तुटलं तरी चिंता नाही. मूळची मूठ ब्राझीलच्या शिसवीची. आपला सुतार आपल्या शिसवीची काढून देतो आणि वर ‘आता शोभतीय’ असंही ऐकवतो.

माणसाला घाम फोडतो तो मुठीच्या डोक्यावरचा पितळी नट.

माझ्या रंध्याच्या बिडात पेटंटच्या तीन तारखा ओतल्या आहेत, 1902 मधल्या दोन आणि 1910 मधली एक. एवढी वंशावळ कोरणाऱ्यांनी आट्यांचं माप मात्र गुलदस्त्यात ठेवलं. ते आहे बारा नंबर, इंचाला 20 आटे. म्हणजे जाडी साधारण साडेपाच मिलिमीटर. पाचचा नट चढतच नाही. सहाचा एक-दोन वेढे जातो आणि हट्ट धरून बसतो. दोन सुती नटाचे आटेही इंचाला 20च, त्यामुळे तो लाडात चढतो. आवळायला गेलं की घसरतो. पातं खालीवर करणाऱ्या पितळी चाकीचे आटे तर चक्क उलटे. निदान त्यामागे हेतू आहे: चाकी उजवीकडे फिरवली की पातं बाहेर येतं. बारा नंबरामागे काय हेतू होता, ते त्या कंपनीलाच ठाऊक.

नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्टांची दुकानंच दुकानं आहेत. तिथल्या एका शेठनी नमुना बोटांत फिरवला, चष्मा वर केला आणि नमुना परत देत म्हणाले, “हा चालू माल नाही.” लेथवाल्याने वेगळंच गणित मांडलं. “काका, एका नटासाठी टॅप कुठून आणू? पन्नास काढायचे असतील तर बोला.” शेवटी पुण्याचा जुना बाजार. बिजागऱ्या, पाने आणि बुडाला भोक पडलेली पातेली यांच्या गर्दीत एक गंजका पाच नंबर पडला होता. मुठीवर नट शाबूत. मी फक्त नटाची किंमत विचारली.

“नट सुटा नाही साहेब. रंधा घ्या, नट त्यातच आहे.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. घेतला. घरी घासलेटात भिजवून, तारेच्या ब्रशने घासल्यावर तो इतका देखणा निघाला, की त्याचा नट काढायला हात धजेना. शिवाय त्याची लिव्हर कॅप चिरलेली, म्हणजे आता तीही शोधायची. या छंदात एक रंधा पुरा होत नाही, अपुऱ्यांची संख्या वाढते. “फळी कधी रंधणार?” हा बायकोचा प्रश्न तत्त्वतः योग्य आहे, पण घाईचा.

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांचा लोखंडी रंधा पडला असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मुठीवरचा नट तेवढा बघा. सुटा दिलात तर उत्तमच. नाहीतर रंध्यासकट घेईन.