काकीचं सत्त्व, पुतण्याची बिअर

उंब्रज म्हणजे सातारा-कराड हमरस्त्यावरचं, तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथलं गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. अशा गावी समजा दिवाळीला न्यू जर्सीहून पुतण्या आला, फराळाला बसला आणि सहज बोलून गेला की, तो घरच्या घरी बिअर बनवतो. काकांचा लाडू तोंडाजवळ जाऊन थांबणारच.

‘घरी? आन् पोलीस?’

‘तिकडं चालतं, काका. 1978 साली तसा कायदाच झाला. माणशी वर्षाला 100 गॅलन, घरात दोन मोठी माणसं असली तर 200.’

दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. डेअरीला दूध घालणारे काका मनातल्या मनात चाळीस लिटरचे कॅन मांडतात. एकोणीस भरतात.

काकीचा प्रश्न वेगळाच. ‘घालतोस काय त्यात?’

चारच जिन्नस: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. वीस लिटरला चार-पाच किलो माल्ट, चाळीसेक ग्रॅम हॉप्स आणि यीस्टची अकरा ग्रॅमची पुडी. पुतण्या समजावत जातो: माल्ट म्हणजे सातू भिजवायचे, मोड आणायचे, मोड फार वाढायच्या आत वाळवायचे, मग भरडायचे. काकी मधेच हात वर करते. ‘आरं, हे तर सत्त्व झालं की!’

आणि ती बरोबर आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, पांढरे कोंब दिसले की सावलीत वाळवून, जराशी भाजून दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. बाळाला खीर द्यायची तर साध्या नाचणीची डिंकासारखी घट्ट होते, सत्त्वाची मात्र पातळ राहते. कारण मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं पिठूळपणा मोडून त्याची साखर करतात. ब्रुअर हेच काम पातेल्यात, पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर करवून घेतो. फरक इतकाच की, काकीचं गिऱ्हाईक सहा महिन्यांचं असतं.

सातूचं म्हणाल तर महाराष्ट्रात त्याची गंमतच आहे. बऱ्याच घरांतल्या सातूच्या पिठात गहू असतात, डाळं असतं, फक्त सातू नसतात.

‘साखरच पायजे तर उसाचा रस ओत की,’ काका म्हणतात. सह्याद्री कारखान्याच्या सभासदाला दुसरं काय सुचणार? बेल्जियममधले ब्रुअर खरंच साखर घालतात. पण नुसत्या साखरेनं दारू वाढते, अंगाला मात्र बिअर पाणचट होते.

पाण्याची परीक्षा काकीला शिकवायला नको. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. इंग्लंडातल्या बर्टनचं पाणी जिप्समनं जड, म्हणून तिथली कडवट एल बिअर नावाजली. पिल्सनचं पाणी हलकं, म्हणून तिथली बिअर सोनेरी आणि मऊ.

यीस्टशी तर जुना घरोबा निघतो. बव्हेरियात 1516 साली हुकूम निघाला की, बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही! आधीच्या पिंपातला तळाचा गाळ पुढच्या पिंपात घातला की काम होतं, एवढं त्यांना ठाऊक. पण हे काम त्यातला जीव करतो, हे सिद्ध व्हायला पुढं पाश्चर यावा लागला. शुद्ध यीस्ट वेगळं काढलं ते 1883 साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेननं. उंब्रजमधल्या कुठल्याही बाईला तो हुकूम लिहायला बसवली असती, तर विरजण पहिल्या ओळीत आलं असतं, आणि संपलं तर कुणाच्या घरून आणायचं तेही.

उरले हॉप्स. इथं मात्र काकीचं काही चालत नाही. वेलीची ही हिरवी, कागदी बोंडं आपल्याकडं पिकत नाहीत. हिमाचलातल्या लाहौलात पिकतात. भांग-गांजाच्या कुळातली, असं पुतण्या सांगतो आणि काका खुर्ची जरा मागं घेतात. तासभर उकळून त्यांचा कडूपणा उतरवायचा. तो बिअरचा गोडवाही तोडतो आणि तिला टिकवतोही. काकी पुतण्यानं आणलेल्या पुडीतलं एक बोंड चुरगाळून हुंगते, जिभेला लावते. ‘पाडव्याचा लिंब बरा.’

मग भांडं कधी चढवायचं? नाही चढवायचं. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरात बिअर बनवणं हा गुन्हा आहे. पुण्यात 2009 साली डूलॅली या मायक्रोब्रुअरीची बिअर सुरू झाली ती रीतसर परवाना काढून. पुतण्यानं आपली पुडी मुकाट्यानं परत न्यू जर्सीला न्यावी.

तुम्ही उन्हाळ्यात उंब्रजवरून जाणार असाल, तर ओळखीचं घर गाठा आणि आंबील मागा. नाचणीचं पीठ रात्रीच भिजत घातलेलं असतं, सकाळी शिजवून ताक, जिरं, ठेचलेला लसूण घालतात. तिला परवाना लागत नाही.