राजमान्य राजेश्री पोटगीचा आकडा यांसी खुले पत्र

राजमान्य राजेश्री पोटगीचा आकडा, वास्तव्य हुकूमनाम्याचे शेवटचे पान, यांसी तंजावूरहून विज्ञापना ऐसीजे:

घटस्फोटानंतर ज्या जोडीदाराची मिळकत नाही किंवा पुरेशी नाही, त्याच्या निर्वाहासाठी न्यायालय जी रक्कम ठरवून देते तिला पोटगी म्हणतात, आणि त्या जागेवर एकदा स्थानापन्न झाल्यानंतर साहेबांनी दाखवलेली निश्चलता बृहदीश्वराच्या नंदीलाही हेवा वाटावा अशी आहे. दूध महागले, घरमालकाने दोनदा भाडे वाढवले, पहिलीतली मुलगी आठवीत गेली. साहेब जागचे हलले नाहीत. या स्थैर्याला घराण्याची परंपराही आहे, कारण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली दंडाधिकाऱ्याला देववता येणाऱ्या मासिक निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा १९५५ साली ५०० रुपये झाली, १९७३ च्या संहितेने ती जशीच्या तशी उचलली, आणि २००१ साली ती रद्द होईपर्यंत देशात बाकी सर्व काही महागले, फक्त परित्यक्तेचे पोट तेवढे जुन्या दरात भरत राहिले.

साहेबांना उठवताच येत नाही, असे मात्र कायदा म्हणत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार, आदेशानंतर कोणत्याही पक्षाची परिस्थिती पालटली आहे अशी न्यायालयाची खात्री पटल्यास त्याला आपलाच आदेश बदलता येतो किंवा मागे घेता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६, म्हणजे १९७३ च्या संहितेचे कलम १२७, हीच मुभा दंडाधिकाऱ्याला देते. नोकरी गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पतीलाही हा दरवाजा तितकाच उघडा आहे, आणि तो तसा असणे न्याय्यच आहे. अट एवढीच की पालट झाल्याचे कोणी तरी अर्ज करून सिद्ध केले पाहिजे. आणि भाव आपोआप वाढतात तसे अर्ज आपोआप होत नसल्यामुळे, वकिलाची फी आणि बुडणारा रोज यांचा हिशेब करून बहुतेकजणी साहेबांनाच नमस्कार करून परततात.

सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी निर्वाहखर्चाच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी उघड करणारे प्रतिज्ञापत्र द्यावे असे ठरवल्यापासून कागद मात्र भरपूर जमतात. त्यातले पतीचे वेतनपत्रक साहेबांनी सवडीने वाचण्यासारखे आहे. डाव्या बाजूला मूळ वेतन असते. उजवीकडे भविष्य निर्वाह निधी, पतपेढीचा हप्ता, वाहनकर्ज, विमा अशा कपातींची रांग लागते. आणि तळाशी उरलेली ‘हाती येणारी रक्कम’ इतकी केविलवाणी दिसते की पोटगी उलट दिशेने द्यावी की काय, अशी शंका यावी. मात्र याच पत्रकात मूळ वेतनाच्या खालोखाल महागाई भत्ता नावाची एक ओळ असते, आणि पती सरकारी नोकर असल्यास ती सामान्यतः वर्षातून दोनदा वाढते. महागाई झाली हे सिद्ध करण्यासाठी त्याला साक्षीदार आणावा लागत नाही; त्याच महागाईचा पुरावा पत्नीला मात्र शाळेच्या पावत्यांपासून गोळा करावा लागतो.

साहेब ज्या गावच्या न्यायालयात विराजमान आहेत, त्या गावाला याहून बरी रीत ठाऊक होती. १७९९ च्या तहाने तंजावूरचे मराठा राजे सरफोजीराजे दुसरे यांचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीने घेतले, तेव्हा राजांना दरसाल एक लाख स्टार पॅगोडा, म्हणजे मद्रासेकडील सोन्याची नाणी, आणि शिवाय प्रांताच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा देण्याचे ठरले. म्हणजे एक आकडा बसलेला आणि दुसरा पिकापाण्याबरोबर चालणारा. कनवाळूपणाबद्दल कंपनीची ख्याती कधीच नव्हती, तरी तिला जे सुचले ते सव्वादोनशे वर्षांनंतरही पोटगीच्या बहुतेक हुकुमांत दिसत नाही. अर्थात देणाऱ्याच्या सोयीची परिस्थिती पालटली की काय होते, हेही याच गावाने पाहिले. १८५५ साली सरफोजीराजांचे चिरंजीव, तंजावूरचे शिवाजीराजे पुत्राविना वारले, तेव्हा कंपनीने उरल्यासुरल्या राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या, तर १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने ते राज्यकृत्य, म्हणजे सार्वभौम सत्तेने केलेले आणि न्यायालयाच्या अधिकाराबाहेरचे कृत्य, ठरवले. खाजगी मालमत्ता पुढे १८६२ साली सरकारनेच मेहेरबानी म्हणून परत केली. आजच्या अर्जदारांनी मेहेरबानीची वाट पाहू नये, म्हणून त्यांच्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या, तंजावूरवर अधिकार असलेल्या मदुरै खंडपीठाची सोय आहे.

साहेबांच्या झोपेत व्यत्यय आणणारी एक वार्ताही कळवणे भाग आहे. २९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याकडील एका प्रकरणात महिना ५०,००० रुपये कायम पोटगी ठरवताना तिच्यात दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ हुकुमातच लिहून टाकली. पाच टक्के म्हणजे काही फार नव्हे, दोन वर्षांत भाजीवाल्याचाही दर याहून पुढे जातो. पण ही प्रथा तंजावुरास पोचली तर साहेबांना दर दोन वर्षांनी, कोणी अर्ज न करता, उठून उभे राहावे लागेल. तोवर त्यांनी निश्चिंत असावे. थकलेल्या पोटगीसाठी दंडाधिकाऱ्याकडून वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि पुढची तारीख पोंगलच्या सुट्टीनंतरची पडली आहे.

बहुत काय लिहिणे.