सगळं सेट आहे

शाळेत आम्हाला इंग्रजीची भीती घातली ती लांब शब्दांची. 'न्यूमोनिया'च्या आधी एक मुका 'पी' उभा असतो आणि 'लेफ्टनंट'च्या स्पेलिंगमध्ये 'एफ' शोधूनही सापडत नाही, हे घोकण्यात आमचे कित्येक पावसाळे गेले. खरं तर ही लांबलचक मंडळी अगदी निरुपद्रवी. न्यूमोनिया म्हणजे न्यूमोनिया. तो दिवाळीत वेगळा आणि शिमग्याला वेगळा होत नाही. घात करतात ते तीन अक्षरांचे बारके शब्द, ज्यांचं स्पेलिंग विचारून कुणी आपली परीक्षा घेत नाही. 'सेट'चंच बघा.

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत आली. पानं 21,730. त्यात सगळ्यात लांब नोंद होती ती 'सेट' या क्रियापदाची. नुसत्या क्रियापदाचे 430 अर्थ, आणि पुढेमागे शेपट्या लावलेले वाक्प्रचार धरले तर सुमारे 580. हे सगळं समजावायला 60,000 शब्द खर्ची पडले. तेवढ्यात आपल्याकडे एक कादंबरी होते आणि तीत नायिकेच्या धाकट्या बहिणीचंही लग्न उरकतं.

हा कोश तयार झाला चिठ्ठ्यांवर. 1879 साली जेम्स मरे संपादक झाले. काम दहा वर्षांत संपेल असा तेव्हाचा अंदाज. पाच वर्षांनी पहिला भाग छापून आला तेव्हा गाडी 'ए' या अक्षरातच होती, 'अँट' म्हणजे मुंगीपर्यंत पोचलेली. वेगाचंच प्रतीक म्हणायचं. वाचकांनी पुस्तकं वाचायची, शब्द दिसला की तो, त्याचं वाक्य आणि पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर उतरवून पाठवायचं, आणि मरेसाहेबांनी त्या चिठ्ठ्या खणाखणांत लावायच्या. वाक्याचा पुरावा नसेल तर अर्थ नाही, असा तिथला कायदा. मरे 1915 साली गेले. कोश पुरा झाला 1928 साली.

पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्ती सुरू झाली ती 'एम' या अक्षरापासून. मार्च 2000 मध्ये जो पहिला हप्ता बाहेर पडला, तो 'एम'पासून 'महूरत'पर्यंत होता. म्हणजे आपला मुहूर्त! साहेबांनी तो पंचांग बघून साधला नसणार, पण साधला खरा. मात्र हा मुहूर्त 'सेट'ला काही लाभला नाही. त्याच वर्षी 'मेक'ने त्याला मागे टाकलं, 2007 साली 'पुट' त्या दोघांच्या पुढे गेला, आणि 2011 साली 'रन' 645 अर्थ घेऊन सगळ्यांच्या पुढे धावला. 'सेट'चा एक अर्थ मावळणे असाही आहे, एवढंच त्या बिचाऱ्याचं समाधान.

धावणाऱ्याचं कौतुक जगात सगळेच करतात. मला मात्र 'सेट'च जवळचा वाटतो, कारण तो मुळात बसवणारा आहे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपल्या संस्कृतातला 'सद्' धातू याच कुळातला. सदन, परिषद, उपनिषद ही सगळी त्याची लेकरं. तेव्हा गुरूपाशी बसून मिळवलेलं ज्ञान आणि ब्यूटी पार्लरमध्ये बसून सेट केलेले केस यांचं दूरचं का होईना, नातं आहे. उपनिषदांना हे कळवण्याची गरज नाही.

आता आपल्या 'बसवणे'कडे बघा. आपण गणपती बसवतो, नळ बसवतो, दात बसवतो, घडी बसवतो, कर बसवतो, मुलांना धाक बसवतो (बसला तर). निखळलेलं हाड बसवतो आणि अंगठीत खडा बसवतो. या दोन्ही ठिकाणी इंग्रज 'सेट'च म्हणतो, म्हणजे वैद्य आणि सोनार यांच्याबाबतीत दोन्ही भाषांचं एकमत आहे. नाटकही आपण बसवतोच. दिग्दर्शक तीन महिने घाम गाळून नाटक बसवतो आणि तिसऱ्या प्रयोगाला ते तिकीटबारीवर बसतं. धंदा बसतो, घसा बसतो, पावसात जुनी भिंत बसते. नुसतं बसून राहणाऱ्या माणसाला आपण नावं ठेवतो, पण मराठीत बसण्याइतकं कष्टाचं काम दुसरं नाही.

फरक एवढाच, की बसवणेवर भार फार झाला तर मराठी दुसऱ्या क्रियापदांना हाक मारते. घड्याळाचा गजर, सापळा आणि आग आपण लावतो. जेवणाची पानं मांडतो. परीक्षेचा पेपर काढतो. सूर्य आपापला मावळतो. इंग्रजीने मात्र एवढी सगळी कामं एकट्या 'सेट'च्या गळ्यात घातली. आमच्या मावशीसमोर एकदा कुणीतरी म्हणालं, की दही छान सेट झालंय. मावशी म्हणाली, "दही लागतं गं बाई. सेट व्हायला ते काय केस आहेत?"

मावशीचं बरोबर आहे. तरी तिच्याच कपाटावर गेली कित्येक वर्षं एक लेमन सेट आहे. तो उघडलेला मी कधी पाहिलेला नाही. लेमन सेट हा महाराष्ट्रातल्या लग्नांचा आधारस्तंभ. एक काचेचा जग, सहा ग्लास, त्यांवर लिंबं नाहीतर फुलं, आणि बाहेर चकचकीत कागद. तो कुणी विकत आणतं की नाही, याची मला शंका आहे. तो मिळतो, माळ्यावर विसावतो, कागद बदलतो आणि पुढच्या मांडवात जातो. त्यातून कुणी लिंबाचं सरबत प्यायलं, तर तो आहेराच्या चलनातून कायमचा बाद.

गंमत अशी, की हा सेट त्या बसवणाऱ्या सेटच्या घराण्यातला नाही. 'संच' या अर्थाचा सेट इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये तो आला लॅटिनमधल्या 'सेक्टा'पासून. सेक्टा म्हणजे पंथ. पुढे दोघांचं रूप एक झालं, अर्थ एकमेकांत मिसळले आणि वंशावळ विसरली गेली. पण मला ते कळल्यापासून लेमन सेटकडे पाहताना मधला जग गुरुस्थानी दिसू लागला आहे आणि भोवतीचे सहा ग्लास अनुयायी. एक ग्लास फुटला की गृहिणी "सेट मोडला" म्हणून हळहळते. पंथाचंही असंच होत असावं.

टेनिसमध्ये सेट म्हणजे डावाचा एक टप्पा. 2010 साली विंबल्डनला इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट 70–68 असा संपला. सामना तीन दिवस चालला, आणि एकूण 11 तास 5 मिनिटांपैकी 8 तास 11 मिनिटं त्या एकट्या सेटने खाल्ली. क्रिकेटमध्ये फलंदाज सेट झाला असं समालोचक म्हणतात, आणि मग तो पुढच्याच षटकात बाद होतो, हा माझा जुना संशय आहे.

खरी बहार आहे ती माणसं सेट होण्यात. सिमेंट सेट व्हायला भारतीय मानकाने मर्यादा घालून दिली आहे: साध्या पोर्टलंड सिमेंटने तीस मिनिटांच्या आत घट्ट व्हायला सुरुवात करायची नाही, आणि 600 मिनिटांच्या पुढे रेंगाळायचं नाही. दहा तासांत काय तो निकाल. मुलग्यांना असं कुठलंच मानक नाही. आमच्या ओळखीतला एक हुशार मुलगा सेट झाला, नेट झाला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रतेच्या दोन्ही परीक्षा पास झाला, आणि आता तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत शिकवतो. त्याचे वडील पाहुण्यांना सांगतात, "सेट आहे, नेट आहे, फक्त सेटल नाही." त्यावर पाहुणे आवाज खाली आणून विचारतात, "काही सेटिंग लागत नाही का?" हे सेटिंग मोबाइलमधलं नव्हे. ते कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त पत्ता कुणी लिहून देत नाही.

आणि एक अर्थ असा आहे, की तो अस्सल आपला. पुतणीच्या लग्नात मांडवाचं काम माझ्याकडे होतं. सकाळी नऊचा मुहूर्त. सहा वाजता मी मैदानावर गेलो, तर तिथे चार बांबू, एक निवांत कुत्रा आणि बराचसा वारा. मांडववाल्याला फोन लावला.

"अहो, खुर्च्या कुठायत?"

"काका, टेन्शन नका घेऊ. सगळं सेट आहे."

"पण माणसं तरी आलीत का?"

"निघालीत. सेट आहे काका."

त्याच्या आवाजात नुकत्याच मोडलेल्या झोपेचा गोडवा होता. आठ पन्नासला शेवटची खुर्ची लागली आणि ती लावणारा पोरगाही जाता जाता मला तेच म्हणाला. 'अजून काही झालेलं नाही, पण होईल, तुम्ही फोन ठेवा' एवढं सगळं या तीन अक्षरांत मावतं. ऑक्सफर्डच्या कोशात हा अर्थ असेलसं मला वाटत नाही. कायद्याप्रमाणे ते छापील वाक्य मागणार. तर शब्द: सेट. अर्थ: वरीलप्रमाणे. वाक्य: "निघालीत. सेट आहे काका." वक्ता: मांडववाला, अंथरुणातून. चिठ्ठी त्यांनी इथूनच कापून घ्यावी.