शहराला प्रवेश नाही

पहिल्यांदाच मोरोक्कोतल्या माराकेशला निघालेल्या श्रीमंत पाहुण्याची हॉटेलकडून एकच माफक अपेक्षा असते: माराकेश ऐकू येता कामा नये. मग शहराबाहेर खजुरीच्या बनात एखादं ‘बुटीक’ हॉटेल सापडतं. खोल्या मोजक्या, भाडं मात्र मोजताना धाप लागेल असं.

माराकेशच्या जेमा एल-फना चौकातल्या कथेकऱ्यांच्या आणि वादकांच्या परंपरेला युनेस्कोनं २००१ साली मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवलं. हॉटेलात त्यालाच गोंगाट म्हणतात. संध्याकाळी त्यातलाच चिमूटभर गोंगाट बागेत मागवतात: एक वादक, दोन कंदील, आवाज बेताचा.

खरं तर एकांताची सोय जुन्या शहरातल्या रियादांनी, म्हणजे अंगणाभोवतीच्या घरांनी, केव्हाच करून ठेवली होती. बाहेर कोरी भिंत. आत अंगण, कारंजं, संत्र्याची झाडं. दार लावलं की शांतता, उघडलं की गल्ली, गाढव आणि पुदिन्याचा वास. पण दार उघडलं की थेट शहरच लागतं, हा केवढा मोठा दोष!

परतल्यावर पाहुणा सगळ्यांना सांगतो, ‘माराकेश फारच शांत आहे हो.’ असणारच. त्यानं पैसेच त्याचे मोजले होते.