ध्रुव दिसला म्हणा

फोटोखाली आपलं नाव कुठल्या कोपऱ्यात आणि कुठल्या अक्षरात टाकायचं, हे मी दुर्बीण घ्यायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. खाली, उजवीकडे, किंचित तिरकं. नावाआधी 'छायाचित्रण' असं लिहायचं की नुसतं नाव पुरे, एवढाच प्रश्न शिल्लक होता. बाकीचं काम तेजोमेघाचं.

तेजोमेघही नवशिक्यांना झेपेल असा, मृगातला. पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली जो धुरकट ठिपका दिसतो, तो. यादीतलं नाव मेसिए ४२. हा शार्ल मेसिए अठराव्या शतकातला फ्रेंच माणूस, धूमकेतूंच्या मागे लागलेला. धूमकेतू समजून पुन्हा पुन्हा फसगत नको म्हणून त्यानं आकाशातल्या बिनकामाच्या ठिपक्यांची यादी केली. त्याचे धूमकेतू आज कोणाच्या लक्षात नाहीत. यादीनं मात्र तो अमर झाला. हे वाचून मला स्वतःबद्दलही बरीच आशा वाटू लागली.

पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलेलं असतं. ती किती घाईनं फिरते, ते दुर्बिणीला डीएसएलआर लावल्यावर कळतं. शटर काही सेकंद उघडं राहिलं की ताऱ्यांच्या रेघा. त्यासाठी माउंट घ्यावा लागतो. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, मग मोटर दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागोमाग फिरवते. ध्रुवाकडे रोखायचा, हे पुस्तकात एका ओळीत येतं. पुस्तकं लिहिणारे बहुतेक पुण्याच्या खूप उत्तरेला राहतात. तिकडे ध्रुव आभाळात चांगला वर असतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब केला तर दोन मुठींच्याही आत. आणि आमच्या गच्चीवरून नेमक्या त्या दोन मुठींत शेजारच्या नव्या टॉवरची पाण्याची टाकी येते.

ध्रुवाची आणि माझी ही काही पहिली चुकामूक नाही. आमचं लग्न भर दुपारच्या मुहूर्तावर, कार्यालयात लागलं. सप्तपदी झाल्यावर गुरुजी म्हणाले, "उत्तरेकडे बघा. ध्रुव दिसला म्हणा." उत्तरेकडे भटारखान्याचा एक्झॉस्ट फॅन होता. आम्ही दोघांनी भक्तिभावानं फॅनकडे बघितलं आणि म्हणालो, "दिसला." त्या शपथेवर संसार आजवर टिकला आहे, त्यामुळे फॅनबद्दल माझी तक्रार नाही. खरं सांगायचं तर फॅन अधिक भरवशाचा होता. कारण ज्या पोराला सुरुचीनं बापाच्या मांडीवरून हाकललं आणि विष्णूनं अढळपद दिलं, त्याचं ते पदही अढळ नाही. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून आजही पूर्ण चंद्राच्या रुंदीहून थोडा जास्त लांब आहे आणि रोज त्या बिंदूभोवती एक लहानशी फेरी मारतो. पृथ्वीचा अक्षही सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे जागेवरची नेमणूक बदलत राहते. पाच हजार वर्षांपूर्वी त्या जागेवर ठुबान नावाचा तारा होता. म्हणजे गुरुजींनी ज्याची साक्ष काढली, तो स्वतःच हंगामी. पण हे लग्नात सांगायचं नसतं.

तर मी टाकीच्या डावीकडून, उजवीकडून, एकदा लिफ्टच्या मशीनरूमवर चढून ध्रुव शोधत होतो. बायको स्वेटर घेऊन वर आली. थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, दिसला म्हणा ना."

मी होकायंत्रावर अंदाजानं माउंट लावला आणि "दिसला" म्हणालो. तीस-तीस सेकंदांचे फोटो निघू लागले.

या छंदात पुढचा भाग बघणाऱ्याला वेडसर वाटतो. कॅमेऱ्याचा सेन्सर तापला की चित्रात खोटे ठिपके उमटतात. ते नंतर वजा करता यावेत म्हणून दुर्बिणीवर झाकण लावून, तेवढ्याच वेळाचे, काळेकुट्ट फोटोही काढावे लागतात. "अहो, झाकण लावलंय," बायको म्हणाली. माहीत आहे म्हटल्यावर ती काही न बोलता खाली गेली. सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो लागतात. त्यासाठी नळीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून बांधायचं आणि पहाटेच्या आभाळाकडे रोखायचं. पांढरं सुती कापड म्हणून घरात माझा बनियन होता. तिसऱ्या मजल्यावरचे काका पहाटे गच्चीवर चालायला येतात. मी दुर्बिणीला बनियन चढवत होतो, त्याच्या बाह्यांच्या भोकांवर रबरबँड बसत नव्हता. काकांनी त्या दिवशी एकच फेरी मारली.

बायकोचं मन वळवायला मी तिला हेन्री ड्रेपरची गोष्ट सांगितली. हा पेशानं डॉक्टर. ३० सप्टेंबर १८८० ला, शटर ५१ मिनिटं उघडं ठेवून त्यानं याच तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो काढला. त्याची बायको ॲना वेधशाळेत त्याच्या बरोबरीनं काम करायची. दोन वर्षांनी तो गेला, तेव्हा तिनं स्वतःचा पैसा हार्वर्डला देऊन त्याच्या नावानं ताऱ्यांची सूची करवली. मी आवाज थोडा जड केला. बायको म्हणाली, "तिच्याकडे पैसा होता."

सगळे फोटो संगणकात एकावर एक रचले आणि एका रात्री पडद्यावर गुलाबी पंख उमटले. मधला भाग पांढराफटक, कडा मात्र झकास. हायड्रोजनचा खरा लाल रंग कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची काच बराचसा अडवते. ती काढून घेणारे लोक आहेत. पण मग त्याच कॅमेऱ्यानं मुंजीचे फोटो काढले तर बटू मारुतीसारखा शेंदरी येतो. घरात एक मुंज व्हायची आहे. मी गुलाबीवर भागवलं, कोपऱ्यात नाव टाकलं, 'छायाचित्रण'सकट, आणि फोटो घरच्या ग्रुपवर सोडला.

तीन नमस्कार आले, एक 'शुभ रात्री'. मेहुण्यानं लगेच हबलनं काढलेला मृगाचा फोटो टाकला. "हा जास्त क्लिअर आहे." असणारच. २००६ सालच्या त्या चित्रासाठी हबलनं पृथ्वीभोवती १०५ फेऱ्या मारल्या. मी टाकीभोवती मारल्या.

चिडलो मी मेहुण्यावर नाही. त्या मेघातला उजेड निघाला तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. साधारण १,३५० वर्षं तो मधे कशालाही न अडकता चालत आला आणि शेवटच्या शंभर फुटांत आमच्या सोसायटीच्या हॅलोजननं त्याला गिळलं. कुंपणावरचा तो दिवा आभाळाकडे तोंड करून रात्रभर जळतो. फोटोत जो पिवळट चिखल वजा करत मी रात्री घालवतो, तो सगळा त्याचा. माझं ठीक आहे, मी खेड्यात वाढलो, आकाशगंगा अंगणातून बघितली आहे. माझ्या भाच्याला ती माझ्या संगणकावर दाखवावी लागते, आणि तो विचारतो, हे कुठलं ॲप?

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. दिवे विझवले नाहीत, वळवले. गावंही चालू आहेत आणि वाघही.

म्हणून आमच्या चेअरमनसाहेबांना ही जाहीर विनंती. हॅलोजन बंद करा असं माझं म्हणणं नाही. चोरांची भीती आहे, मान्य. फक्त त्याचं तोंड खाली करा. चोर जमिनीवरूनच येतात.