एकशेतीस फुटांचा हॉल

दहावीला आमच्या बीजगणिताच्या सरांचा एकच जप असे : क्ष वर्ग, वजा बेरीज क्ष, अधिक गुणाकार. दोन मुळांची बेरीज-गुणाकार सांगा, वर्गसमीकरण हजर! बेरीज ५, गुणाकार ६, की क्ष² − ५क्ष + ६ = ०. मुळं २ आणि ३. इतकं सोपं, पण मी दरवेळी त्या 'वजा'ला ठेचकाळायचो. बेरीज उणे ३ असली की समीकरणात अधिक ३, हे मनाला पटायचंच नाही. "अरे, (क्ष − अल्फा) आणि (क्ष − बीटा) गुणून बघ, वजा आपोआप येतो," असं सर म्हणत. माझ्याकडे आपोआप यायची ती छडी.

मुळांचं हे नातं फ्रांस्वा व्हिएत (१५४०-१६०३) या फ्रेंच गृहस्थांच्या नावावर आहे. पेशाने वकील. उगाच नाही! दोन्ही पक्षकार गैरहजर, तरी नुसत्या बेरीज-गुणाकारावर खटला उभा.

परवा फ्लॅट बघायला गेलो. एजंट म्हणाला, "हॉल एकशेतीस स्क्वेअर फूट, कार्पेट!" मला तो कोंदट वाटला, पण टेप नव्हती. खोली सरळ चौकोनी. बोलण्याच्या भरात तोच म्हणाला, "स्कर्टिंग बघा साहेब, अस्सल ग्रॅनाइट. दारासकट चव्वेचाळीस रनिंग फूट धरलंय."

घरी येऊन दहावीतल्या लेकीला सांगितलं, "लांबी-रुंदीची बेरीज २२, गुणाकार १३०. काढ."

क्ष² − २२क्ष + १३० = ०. तिने विवेचक काढला : ४८४ − ५२०, म्हणजे उणे ३६.

"बाबा, वास्तव मुळं नाहीत. असा हॉलच नाही."

"अगं, मी त्यात उभा राहून चहा प्यायलोय!"

"बेरीज २२ असेल तर गुणाकार फार तर १२१. अकरा बाय अकरा. वरचे नऊ फूट कुठले?"

"माळा धरला असेल," स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

मी तिरमिरीत एजंटला फोन लावला. "अहो, तुमच्या हॉलचा विवेचक ऋण येतोय!"

"ऋणाचं काय घेऊन बसलात साहेब," तो म्हणाला, "बँकेत आपली ओळख आहे."